निन्जामॅन एपिसोड: कामाच्या नोंदी

१२ जून, गुरुवार

विषय फायनल. पॉडकास्टचा पुढचा एपिसोड डेस्मंड बॅलंटाइन उर्फ निन्जामॅनवर. जमैकाचा डान्सहॉल डीजे (डान्सहॉल म्हणजे रेगेतूनच निघालेला, नाचाच्या पार्ट्यांमधला वेगवान प्रकार), समोरासमोरच्या मुकाबल्यात ज्याच्यापुढे भलेभले टरकायचे असा माणूस, आणि २०१७ मध्ये खुनाच्या गुन्ह्यात जन्मठेप. आपल्याकडे रेगे म्हटलं की बॉब मार्ली, जटा, गांजा आणि फार तर गोवा सनस्प्लॅश या रेगे फेस्टिव्हलचा रिस्टबँड, तिथेच गाडी थांबते, त्यामुळे मार्लीनंतर त्या बेटावर काय झालं हे मराठीत कुणीतरी नीट सांगायलाच हवं असं माझं केव्हापासूनचं म्हणणं होतं.

सुरुवातीलाच एक खुलासा टाकावा लागणार. आपल्याकडे डीजे म्हणजे मिरवणुकीतली स्पीकरची भिंत नाहीतर गाणी लावणारा. जमैकात गाणी लावणारा तो सिलेक्टर, आणि डीजे म्हणजे माईक हातात घेऊन तालावर बोलणारा, अर्धं गाणं अर्धं भांडण. हे पहिल्या दोन मिनिटांत क्लिअर झालं नाही तर ऐकणारा शेवटपर्यंत चुकीचंच चित्र डोक्यात घेऊन बसेल. यू-रॉयचं नाव इथेच घेईन, १९७० मध्ये या बोलण्याच्या रेकॉर्डी घेऊन तो तिथल्या चार्टच्या पहिल्या तीन जागा अडवून बसला होता, तोपर्यंत हे प्रकरण फक्त डान्सपुरतं, म्हणजे रस्त्यावरच्या पार्ट्यांपुरतं होतं.

एडिटरला मेसेज टाकला. त्याचा रिप्लाय: "अरे मस्त, गोळीच्या आवाजाने सुरू करू, मग कोर्टातला हातोडा, मग टायटल." बघू म्हटलं.

१५ जून, रविवार

लहानपणाचा भाग लिहिला. जन्म १९६६, अ‍ॅनॉटो बे, सेंट मेरी परगणा, म्हणजे उत्तरेचा किनारा. मग लहानपणीच किंग्स्टनला, आणि बाराव्या वर्षी हातात माईक. पहिलं नाव 'डबल अग्ली'. नंतर अग्लीमॅन नावाचा दुसरा एक डीजे वर आला म्हणून याने नाव बदलून निन्जामॅन केलं. ब्लॅक कल्चर नावाच्या साउंड सिस्टिमवर (म्हणजे स्पीकर आणि रेकॉर्डी घेऊन डान्स गाजवणारा ताफा) सुरुवात, मग किलिमांजारो या दुसऱ्या सिस्टिमवर, तिथे सुपर कॅट आणि अर्ली बी हे सिनियर. सुपर कॅट हे नाव लक्षात ठेवायला सांगणार आहे, पुढे परत येतं. तो अंशतः भारतीय वंशाचा. १८४५ पासून उसाच्या मळ्यांवर जे गिरमिटिये मजूर नेले त्यातले बहुतेक उत्तर प्रदेश-बिहारकडचे होते, त्यामुळे मराठी कनेक्शन वगैरे ओढूनताणून जोडायचं नाही.

किंग्स्टनचं वातावरण सांगावंच लागेल. दोन पक्ष, पीएनपी आणि जेएलपी, दोघांच्या वस्त्या वाटून घेतलेल्या, वस्तीत घर मिळणार ते पक्षाकडून आणि बंदूकही मिळणार ती त्याच वाटेने. १९८० च्या निवडणुकीच्या वर्षात साधारण ८०० माणसं मेली. आपला हिरो तेव्हा १४ वर्षांचा. पण हे लिहिताना हात आखडता घेतला, कारण लगेच ते "म्हणून तो असा झाला" होऊन बसतं. त्याच गल्ल्यांतून शेकडो डीजे आले आणि म्हातारे होऊन घरी बसले, कुणाच्या नावावर खून नाही. त्यामुळे वातावरण सांगायचं, पण 'म्हणून' हा शब्द त्या पॅराग्राफमध्ये येऊ द्यायचा नाही.

२१ जून, शनिवार

आज संगीताचा भाग, आणि खरं सांगायचं तर यातच सगळ्यात मजा आली.

ओरिजिनल गाणी वापरता येणार नाहीत, हक्कांची भानगड आहे, तेव्हा बॅकग्राउंडला स्वतःचा रिडिम बनवायला बसलो. रिडिम म्हणजे बेस आणि ड्रम्सचा सांगाडा, आणि जमैकाची गंमत अशी की एकाच रिडिमवर वीस-वीस कलाकार आपापलं गाणं रेकॉर्ड करतात, कुणाला त्यात चोरी वाटत नाही. पब्लिक उलट तुलना करत ऐकतं की याने काय केलं आणि त्याने काय केलं. १९८५ मध्ये किंग जॅमी या निर्मात्याच्या स्टुडिओतून स्लेंग टेंग नावाचा रिडिम बाहेर पडला आणि सगळा खेळच पालटला. तो कॅसिओच्या एमटी-४० या छोट्या कीबोर्डमधल्या तयार 'रॉक' प्रीसेटमधून आलेला, आणि तो प्रीसेट बनवणारी जपानमधली कंपनीतली एक तरुण बाई, ओकुडा हिरोको. म्हणजे बँड बोलवायचा खर्चच गेला, एक कीबोर्ड आणि एक डीजे, झालं गाणं. रेकॉर्डी धडाधड निघायला लागल्या, ज्याच्या तोंडाला धार आहे त्याला स्टुडिओचं दार उघडं. निन्जामॅनची पहिली रेकॉर्ड 'प्रोटेक्शन' निघाली ती १९८७ मध्ये, कोर्टनी मेलडीबरोबर, म्हणजे बरोब्बर या लाटेवर.

माझा रिडिम पहिल्यांदा ऐकला तर अगदी लिफ्टमधल्या म्युझिकसारखा वाटत होता. बेस वाढवला, हाय-हॅट काढून टाकला, किक आणि स्नेअरच्या मध्ये जागा मोकळी सोडली. ती मोकळी जागाच महत्त्वाची, डीजेला बोलायला तिथेच वाव मिळतो. आता ठीक आहे. शेजारच्या काकू विचारून गेल्या की पंप चालू राहिलाय का.

२८ जून, शनिवार

स्टिंगचा भाग. वर्षानुवर्षं २६ डिसेंबरला व्हायचा तो रात्रभरचा शो, १९८४ पासूनचा, आणि सुरू करणारा आयझाया लेंग हा चक्क पोलीसवाला. या शोचं मुख्य आकर्षण म्हणजे क्लॅश, दोन डीजे समोरासमोर, पब्लिक ठरवणार कोण जिंकलं. मराठी माणसाला समजवायला फार कष्ट नाहीत, कलगी-तुऱ्याचा सामना डोळ्यांसमोर आणा, सवाल टाकला की जागच्या जागी जवाब, जवाब सुचला नाही की गेली अब्रू. फरक एवढाच की इथे मायाब्रह्माचं कोडं नसतं, समोरच्याचा तोतरेपणा, कपडे, आई, जुनी उधारी, सगळं बाहेर निघतं.

१९९० ला निन्जामॅन विरुद्ध शॅबा रँक्स. १९९१ ला निन्जामॅन विरुद्ध तोच सुपर कॅट, ज्याच्या हाताखाली हा शिकला. या दोन रात्रींवर त्याचं नाव झालं. जुन्या कॅसेटवरची रेकॉर्डिंग्ज आज परत परत ऐकली आणि एक गोष्ट पक्की झाली: हा माणूस गातो कमी आणि थांबतो जास्त. तालावर भराभर शब्द टाकणारे त्या काळात पैशाला पासरी होते, हा मात्र बँड थांबवायचा, अडखळल्यासारखं करायचा, अर्ध्या शब्दावर अडकायचा, एक अक्षर तीन-चार वेळा, आणि पब्लिकला वाटायचं आता विसरला वाटतं, की नेमका तेव्हाच शब्द पुरा करायचा आणि सगळं मैदान उसळायचं. पाठ केलेलं काही नाही, समोरचा माणूस बघून तिथल्या तिथे बांधलेलं. गोळीबंद लिहिलेल्या ओळींचा डीजे त्याच्यापुढे टिकत नसे तो यामुळेच, कारण लिहिलेली ओळ थांबून वाट बघू शकत नाही.

सोन्याचा दात, आणि स्वतःला दिलेली ती लांबलचक पदवी, "ओरिजिनल फ्रंट टीथ, गोल्ड टीथ, गन पॉन टीथ डॉन गॉर्गन". ही मी एपिसोडमध्ये एका दमात म्हणणार आहे, सध्या श्वास पुरत नाहीये.

गाण्यांची नावं मात्र बघा. 'मर्डर देम'. 'परमिट टू बरी'. क्लॅशमध्ये मर्डर म्हणजे समोरच्या डीजेला स्टेजवर लोळवणं, हे सगळ्यांना ठाऊक असतं, त्यात कुणी दचकत नाही. इथपर्यंत बंदूक तोंडातलीच आहे.

५ जुलै, शनिवार

एडिटरशी भांडण, म्हणजे आमचं नेहमीचं. त्याने डेमोमध्ये गोळ्यांचे आवाज टाकलेत, स्टिंगच्या भागात तर पाऊसच. मी म्हटलं काढ. तो म्हणाला, "अरे पण तिथे खरंच वाजायच्या ना?"

त्याचं म्हणणं अगदीच चूक नाही हीच अडचण आहे. डान्समध्ये एखादी ओळ आवडली की पब्लिक हात वर करून बोटांची बंदूक करतं आणि तोंडाने 'ब्रॅप ब्रॅप', याला गन सॅल्यूट म्हणतात. लायटर पेटवतात, स्प्रेच्या डब्यातून जाळ काढतात, भोंगे वाजवतात. आणि काही डान्समध्ये बोटांच्या जागी खरी पिस्तुलं निघायची आणि खरे बार हवेत जायचे. म्हणजे त्याच एका दादेसाठी एकाचं बोट आणि त्याच्या शेजारच्याचं पिस्तूल वर.

आणि हे कुठल्या देशात, तर जिथे १९७४ मध्ये मायकल मॅन्लीच्या सरकारने गन कोर्ट नावाचं स्वतंत्र न्यायालयच काढलं, बंदुकीच्या खटल्यांसाठी, बंद दाराआड सुनावणी, साउथ कॅम्प रोडवर लाल रंगाने रंगवलेलं आवार, काटेरी तारा, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसून धडकी भरावी म्हणून. सुरुवातीला तर बेमुदत कैदेची शिक्षा होती, ती नंतर लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे जमैकाच्या शेवटच्या अपिलाच्या कोर्टाने, घटनाबाह्य ठरवली. इतका कडक कायदा, आणि शहरात बंदुका काही कमी झाल्या नाहीत.

शेवटी असं ठरलं की एपिसोडमध्ये गोळीचा आवाज एकदाही नाही. स्टिंगच्या भागाला जोर येण्यासाठी भोंगा, शिट्ट्या आणि लायटरचा खटका. लायटर माझ्याकडेच रेकॉर्ड केला, फोन अगदी जवळ धरून. चाकाचा खरखराट, मग गॅसचा बारीक फस्स. हेडफोनमध्ये कुठल्याही गोळीपेक्षा भारी वाटतं.

६ जुलै

आषाढी. काम बंद.

१२ जुलै, शनिवार

नव्वदीचा उतार. हा भाग मी लवकर उरकणार होतो, पण शॅबाशी तुलना टाळता येत नाही. शॅबा रँक्सला अमेरिकेत मोठ्या कंपनीचा करार मिळाला, १९९२ आणि १९९३ असे लागोपाठ दोन ग्रॅमी. निन्जामॅन बेटावरच. लोक म्हणतात नशीब, मला नाही वाटत. जी गोष्ट त्याला स्टिंगला अजिंक्य करायची तीच स्टुडिओत मार खायची, साडेतीन मिनिटांच्या गाण्यात थांबायला जागा कुठे आहे? समोर शत्रू नसेल तर त्याला अर्धंच सुचत असावं. हे माझं मत, स्क्रिप्टमध्ये माझं मत म्हणूनच जाईल.

त्यात क्रॅक कोकेनचं व्यसन, पोलीस केसेस. मग १९९७ च्या सुमाराला अचानक धर्माकडे वळला, 'ब्रदर डेस्मंड' नावाने गॉस्पेल गायला लागला. ते टिकलं नाही. नव्वदीच्या शेवटी बेकायदा बंदुकीच्या प्रकरणात तुरुंगात. हिशेब सरळ आहे, खुनाच्या खटल्याच्या कितीतरी आधी खरी बंदूक या गोष्टीत आलेली आहे, त्यामुळे "गायक होता, मग गुन्हेगार झाला" अशी सरळ रेघ मला ओढताच येत नाहीये. दोन्ही गोष्टी दहा-पंधरा वर्षं शेजारी शेजारी चालल्यात.

२० जुलै, रविवार

सगळ्यात अवघड पाच मिनिटं आज लिहून झाली, २००२ आणि २००३.

स्टिंग २००२. रेनेटो अ‍ॅडम्स हा तिथला नावाजलेला, खरं तर वादग्रस्त पोलीस अधिकारी, क्राइम मॅनेजमेंट युनिटचा प्रमुख, काही लोकांना हिरो वाटायचा आणि मानवी हक्कवाल्यांच्या यादीत कायम वरती. निन्जामॅनने हजारोंच्या पब्लिकसमोर एक बंदूक या अ‍ॅडम्सच्या हातात सोपवली, आणि बाकीच्या बंदूकवाल्यांनाही आवाहन केलं की तुमच्याही पोलिसांना देऊन टाका. आता यात खरं किती आणि नाटक किती हे कोण सांगणार, बहुतेक दोन्ही एकाच वेळी. पण ज्याने पंधरा वर्षं बंदुकीवर दाद मिळवली त्याने बंदूक देऊन टाकण्यावरही तितकीच जोरात दाद मिळवली, एवढं मात्र दिसतं. मला हा प्रसंग त्याच्या आख्ख्या कारकिर्दीतला सगळ्यात निन्जामॅन प्रसंग वाटतो.

स्टिंग २००३, जॅमवर्ल्ड, पोर्टमोर. समोर विब्झ कार्टेल, दहा वर्षांनी धाकटा, नवा, लिहिण्यात तेज. क्लॅश सुरू झाला आणि शब्दांवरून थेट हातावर गेला, कार्टेल आणि त्याच्या पोरांनी स्टेजवरच निन्जामॅनला मारहाण केली. काही दिवसांत दोघांनी लोकांसमोर दिलजमाई केली. पण क्लॅशचा जो एक अलिखित नियम होता, की मारायचं ते तोंडानेच, तो त्या रात्री सगळ्या देशासमोर मोडला. आणि तो मोडणारा त्या रात्री निन्जामॅन नव्हता, हेही स्क्रिप्टमध्ये राहणार. एडिटर म्हणाला वाक्य काढ, फ्लो तुटतो. नाही काढणार.

२७ जुलै, रविवार

खटला. इथे एकही शब्द सैल नको म्हणून संध्याकाळ सगळी यातच गेली.

मार्च २००९, किंग्स्टनमध्ये मार्ल रोड भागात एका तरुणाचा गोळी लागून मृत्यू. निन्जामॅन, त्याचा मुलगा आणि आणखी एक जण आरोपी. त्या वर्षी जमैकात १,६०० हून जास्त खून झाले, देशाची लोकसंख्या २७ लाखांच्या आसपास, म्हणजे आपल्या नागपूरपेक्षा फार जास्त नाही. तीन वर्षं कोठडीत, मग २०१२ ला जामीन. आणि जामिनावर बाहेर आल्यावर काय केलं, तर त्याच वर्षी स्टिंगच्या स्टेजवर लग्न केलं. खुनाचा खटला डोक्यावर, आणि नवरदेव स्टेजवर. हे मी बनवून लिहिलं असतं तर कुणी म्हणालं असतं की जरा अतीच होतंय.

खटला उभा राहायला २०१७ उजाडलं. नोव्हेंबरमध्ये तिघंही दोषी, डिसेंबरमध्ये शिक्षा. निन्जामॅनला जन्मठेप, २५ वर्षं पुरी झाल्याशिवाय पॅरोलचा विचार नाही. तेव्हा वय ५१.

भाषेचे नियम स्वतःला घालून घेतले: नोव्हेंबर २०१७ पर्यंत 'आरोपी', त्यानंतर 'दोषी', आणि 'खुनी' हे विशेषण म्हणून कुठेच नाही, विशेषतः गाण्यांच्या भागात. मेलेल्या माणसाचं नाव घ्यायचं नाही असं ठरवलंय, त्याचे घरचे आहेत आणि ते काही पब्लिक फिगर नाहीत. पण मग त्याच्या वाट्याला फक्त 'एक तरुण' येतं आणि सोन्याच्या दाताला चार मिनिटं, हे खुपतंय. तूर्त एवढंच केलंय की खटल्याच्या भागात मागचा रिडिम पूर्ण बंद, नुसता आवाज.

२ ऑगस्ट, शनिवार

क्रमाचा वाद मिटला. एडिटरला जन्मठेप पहिल्याच मिनिटात हवी होती, लोक थांबतात म्हणे. मी म्हटलं, ती पहिल्या मिनिटात सांगितली की १९९० ची प्रत्येक ओळ पुरावा वाटायला लागते. 'मर्डर देम' ऐकून माणूस मान डोलावणार, बघा आधीच सांगत होता. अरे पण तेच शब्द तेव्हा निम्मं बेट गात होतं. मधला मार्ग असा निघाला की टायटलमध्ये जन्मठेपेचा उल्लेख राहील, वर्णनातही, पण कथन १९६६ पासून सरळ पुढे, मागेपुढे उड्या नाहीत.

कार्टेलचं पुढचं प्रकरण यात किती घ्यायचं हा प्रश्न होता. २०१४ ला त्यालाही खुनाच्या खटल्यात जन्मठेप झाली, पण मार्च २०२४ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने ती रद्द केली, कारण ज्यूरीतल्या एकाने बाकीच्यांना लाच देऊ केल्याचं समोर येऊनही तीच ज्यूरी पुढे चालवली गेली. जुलै २०२४ मध्ये तिथल्या अपील कोर्टाने खटला परत चालवायचा नाही असं ठरवलं आणि तो सुटला, त्या वर्षाच्या शेवटच्या रात्री नॅशनल स्टेडियमवर त्याचा शो. २००३ च्या स्टेजवरचे ते दोघे. मोह होतो, पण दोघांना एका माळेत ओवता येत नाही, एकावर आता दोष उरलेला नाही. तेव्हा सगळं मिळून चाळीस सेकंद, आणि शब्द मोजून. बुजू बँटन या आणखी एका डीजेची कोकेनची केस तर पूर्णच गाळली, तो वेगळा एपिसोड आहे आणि त्याला वेगळा मूड लागतो.

९ ऑगस्ट, शनिवार

फायनल रेकॉर्डिंग झालं. पदवी एका दमात म्हटली, 'गॉर्गन'वर आवाज चिरकला तो तसाच ठेवला.

स्टिंगचा भाग एडिटरने परत कापून पाठवला, त्यात एक फार चांगलं काम केलंय. मी जिथे "आणि मग तो थांबायचा" म्हणतो तिथे त्याने रिडिम पण थांबवलाय, पूर्ण दोन सेकंद शांतता, मग लायटरचा खटका, मग बेस परत. गोळीच्या आवाजाची आठवणही येत नाही. फोन करून सांगितलं तर म्हणाला, "माहितीये, मीच केलंय ना."

बाकी कामं: थंबनेलवरचं पिस्तूल काढून तिथे माईक टाकायला सांगितलंय, डिझायनर म्हणतेय क्लिक कमी होतील, होऊ देत. जॅमवर्ल्डचा उच्चार दोन ठिकाणी वेगळा झालाय, ते पॅच करायचं. वर्णनात सुपर कॅटचं स्पेलिंग तपासायचं. बुधवारी अपलोड.